भिंतीपलीकडचा सल्ला

नर्मदाबाई गेल्यापासून ज्ञानबाच्या घरात मीठ संपलं, काडीपेटी संपली, एकदा तर दोन दिवस चहापत्तीही नव्हती. पण सल्ला संपला असं काही झालं नाही.

बोरखडी हे सेनगावहून जीपनं अर्ध्या तासावरचं गाव. गावाला दुसरं काही फार देता येत नव्हतं, म्हणून जो तो येऊन सल्ला देऊन जायचा. कुणी म्हणे, दाढी करत जा, माणसानं नीट राहावं. कुणी म्हणे, एवढ्यात दाढी कशाला, लोक काय म्हणतील. बकऱ्या विका. बकऱ्या वाढवा, जीव रमेल. पोरीकडं जा. पोरीच्या दारात काहून जाता? ज्ञानबा सगळ्यांना सारखंच म्हणायचा, "व्हय, बराबर हाय." एकाच दिवशी त्यानं बकऱ्या विकायचं आणि वाढवायचं दोन्ही कबूल केलं होतं.

नर्मदाबाई असताना याचा त्रास नव्हता. सल्ला देणारा आला की ज्ञानबा त्याच्यापुढे बसून मान डोलवायचा आणि ती आत चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. माणूस उठून गेला की आतून एक वाक्य यायचं. "ते राहू द्या, बकऱ्या सोडा." नाहीतर, "ह्यो खरं बोलला, उद्या सेनगावला जाऊन या." छत्तीस वर्षं संसार असा चालला. मान डोलवायची ज्ञानबानं आणि ठरवायचं तिनं. आखाडात चार दिवसांच्या तापानं ती गेली आणि मान डोलवणारा तेवढा मागं राहिला.

तरी सहा महिने कसेबसे निघाले. पुसाच्या महिन्यात गजरी व्याली आणि खरी पंचाईत झाली.

गजरी म्हणजे नर्मदाबाईची म्हैस. बकऱ्या ज्ञानबाच्या, म्हैस तिची, अशी घरात पहिल्यापासून वाटणी होती. धारेच्या वेळी ज्ञानबाला गोठ्यात यायची बंदी होती. "म्हैस बुजती," असं ती म्हणायची. तसाही तो तांबडं फुटायच्या आत बकऱ्या घेऊन माळावर जायचा आणि दिवेलागणीनंतर यायचा. एकदा त्यानं तिला विचारलं होतं, "तू म्हशीपाशी बोलतीस तरी काय गं?" ती म्हणाली होती, "देवाचं नाव घेते." ज्ञानबाला याचं फार कौतुक. त्यानं ते गावभर सांगितलं. तिच्या तेरवीला सेनगावचे विष्णुपंत गुरुजी चार माणसांत म्हणाले होते, की असं माणूस विरळा, धार काढतानासुद्धा नामस्मरण करायचं. तेव्हा बऱ्याच बायांनी डोळ्याला पदर लावला होता.

ती गेली तेव्हा गजरी गाभण होती आणि आटलेली होती. म्हणून धारेचा प्रश्न आला नव्हता. आता वगार, म्हणजे मादी रेडकू, झाली. वगार तोंड लावी तोवर गजरी शहाण्यासारखी उभी राही. ज्ञानबा चरवी घेऊन खाली बसला की ती दूध वर ओढून घेई. तो कासेला हात लावी, ती त्याच्याकडे एकदा बघे आणि लाथ घाली. पहिल्या दिवशी चरवीला पोचा पडला. दुसऱ्या दिवशी ज्ञानबाच्या गुडघ्याला. शेजारपाजारच्या दोन बायांनी येऊन धारेला बसून पाहिलं, त्यांनाही तिनं तेच दाखवलं.

शुक्रवारी जनावरांचा डॉक्टर आला. तरुण पोरगा होता. त्यानं कास दाबून पाहिली.

"बाबा, वगारीच्यानं एवढं दूध पिणं होणार न्हाई. दूध असंच कासेत राहिलं तर दगडी होईल. सड जातील म्हशीचे. चार दिवसांत मोकळी झाली पाहिजे."

"मग सुई मारता का? लोक म्हणतात सुई मारली की दूध सोडती."

"ती सुई मी मारत नसतो. तिला काही आजार न्हाई. तिला तुमचा भरवसा न्हाई."

ज्ञानबाला ते लागलं. या म्हशीला त्यानं वगार असल्यापासून कडबा घातला होता.

संध्याकाळी पोरीचा, राजनंदिनीचा, हिंगोलीहून फोन आला. तिला सगळं आधीच कळलं होतं. गावातल्या कुणीतरी तिलाही सल्ला दिला होता.

"बाबा, माझं ऐका आता. मंगळवारी बाजार हाय. तुमचे जावई टेम्पो सांगून ठेवून राहिले. तोवर गजरीनं धार दिली तर ठीक. न्हाई दिली, तर म्हैस बाजारात, बकऱ्या मामाच्या वाड्यात अन् तुमी माझ्याकडं. तुमी म्हणत होता की म्हैस हाय, लेकरू हाय तिचं, कसं सोडून येऊ. मग तेच न्हाई तर तिथं कोणासाठी बसता?"

"व्हय, बराबर हाय," ज्ञानबा म्हणाला आणि फोन ठेवल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याच्या लक्षात आलं.

हिंगोलीचं घर त्यानं पाहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावर होतं, चांगलं होतं. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसायची. जावई शिवहार सभ्य माणूस. तो सासऱ्याला खुर्ची द्यायचा आणि स्वतः उभा राहायचा, त्यामुळे ज्ञानबाला तिथं फार वेळ बसता यायचं नाही. तक्रार करावी असं तिथं काहीच नव्हतं आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटायची. गजरी गेली तर नर्मदाबाईनं रोज हात लावलेलं जिवंत असं घरात काही उरणार नव्हतं. तो स्वतः होता, पण स्वतःला तो त्यात धरत नव्हता.

म्हणून शनिवारी सकाळी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सल्ला देणाऱ्यांचा विचार केला. गावात तर सगळेच देत होते. त्यांतला खरा कोणाचा? त्यानं एक युक्ती काढली: नर्मदाबाई ज्यांना नावाजायची त्यांचंच ऐकायचं. तशी माणसं दोन निघाली. एक व्यंकटराव, त्यांना ती "शिकलेला माणूस" म्हणायची. दुसरे विष्णुपंत गुरुजी, त्यांना "देवमाणूस".

आणि जिचं कधीच ऐकायचं नाही असं माणूसही तिनं नेमून दिलं होतं. शेजारची चंद्रभागाबाई. अकरा वर्षांपूर्वी चंद्रभागाबाईच्या बकरीनं नर्मदाबाईच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या. तेवढ्यावर भागलं असतं. पण चंद्रभागाबाई दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवरून म्हणाली, "कच्च्याच होत्या, बकरीचं पोट बिघडलं." त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. ज्ञानबाला सक्त ताकीद होती: "त्या बाईनं दिवस उगवला म्हणून सांगितलं तर आधी बाहेर जाऊन बघायचं."

मयतीला चंद्रभागाबाई आली होती. पण अंगणात पाय न टाकता बाहेर बाभळीखाली उभी राहिली आणि सगळे निघाल्यावर सगळ्यांच्या मागून चालली.

व्यंकटराव पूर्वी तालुक्याला कारकून होते. आता गावात घर बांधून राहिले होते. घरी जनावर नव्हतं, दूध पिशवीचं. ज्ञानबानं तकलीफ सांगितली तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतली नाही.

"अरे, हा सोपा विषय आहे. पंजाबात म्हशींना बासरी ऐकवतात. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

"गजरी इथलीच हाय, साहेब."

"म्हशीला काय प्रांत असतो का? चल."

ते स्वतः आले. नवा मोबाईल त्यांनी गव्हाणीच्या काठावर उभा केला आणि बासरी लावली. बासरी चांगली होती. ज्ञानबाला एकदम झोपच आल्यासारखी झाली. गजरीनं कान हलवले.

"बघ, बघ! परिणाम होतोय. बस खाली."

ज्ञानबा बसला. गजरीनं मान लांब केली, मोबाईल हुंगला आणि कडब्यासोबत तोंडात घेतला. बासरी तिच्या तोंडात वाजायला लागली. व्यंकटराव "अरे! अरे!" करत दाव्याखालून पलीकडे जाईपर्यंत तिनं तो चावून बाजूला टाकला होता. बासरी तरी चालूच होती.

"हिला पेंड कमी पडते," मोबाईल धोतराला पुसत व्यंकटराव म्हणाले. "त्यामुळं असं होतं. पेंड वाढव." आणि ते गेले ते गेलेच. पेंड वाढवून पुढे काय झालं हे विचारायला काही आले नाहीत.

रविवारी ज्ञानबा जीपनं सेनगावला गेला. विष्णुपंतांनी पंचांग काढलं, म्हशीचा जन्म कधीचा ते विचारलं. ज्ञानबाला ते सांगता येईना. मग त्यांनी ज्ञानबाचाच जन्म विचारला, तोही त्याला सांगता येईना.

"असू द्या," विष्णुपंत म्हणाले. ते खरंच भले माणूस होते. त्यांनी ज्ञानबाला जेवू घातलं, त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंनी ताटात दोनदा भात वाढला. "माझ्या मते गोष्ट साधी आहे. त्या माउलीच्या मुखात सदैव नाम होतं. म्हशीला त्याची सवय. ते नाम थांबलं म्हणून दूध थांबलं. तुम्ही बसताना नाम घ्या. हळू आवाजात, शांतपणे. आणि म्हैस पूर्वेला तोंड करून बांधा."

हे ज्ञानबाला मनापासून पटलं. पूर्वेला तोंड करायचं म्हणजे गव्हाण हलवायला लागत होती. त्यानं खूप दगड काढले, गव्हाण हलवली, नवा खुंटा ठोकला. अंघोळ करून बसला आणि हळू आवाजात, शांतपणे नाम घ्यायला लागला. गजरी ऐकत राहिली. बराच वेळ ऐकून तिनं शेपटी उचलली आणि ज्ञानबाची दुसऱ्यांदा अंघोळ झाली.

सोमवारी सकाळी कास इतकी ताठली होती की वगारीला सुद्धा गजरी जवळ येऊ देईना. ज्ञानबानं कासेला हात लावून पाहिला. गरम लागत होतं.

मग त्यानं कुणालाच न विचारता एक गोष्ट केली. ट्रंक उघडली. तिच्या हिरव्या लुगड्याची घडी सहा महिन्यांत कुणी मोडली नव्हती. त्यानं ते काढलं, सदऱ्यावरून कसंतरी गुंडाळलं आणि डोक्यावरून पदर घेऊन गोठ्यात गेला. गजरी लगेच वळली. तिनं लुगडं खालपासून वरपर्यंत हुंगलं.  मग तिनं ज्ञानबाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्यावरून नजर काढून गोठ्याच्या दाराकडे बघत उभी राहिली.

ज्ञानबानंही दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तो मोकळी चरवी मांडीवर घेऊन तसाच बसला. म्हशीला काय सांगावं ते त्याला सुचेना.

"भावजी," भिंतीवरून आवाज आला, "ते लुगडं आधी काढा. आमच्या प्रतिक्षाला हसू आवरून नाही राहिलं."

अकरा वर्षांत त्या भिंतीवरून ज्ञानबाला उद्देशून आलेला हा पहिला शब्द. ज्ञानबानं वर पाहिलं. चंद्रभागाबाईचं डोकं भिंतीच्या वर दिसत होतं. तिच्यामागं तिची सून प्रतिक्षा तोंडावर हात धरून आत पळत होती.

ज्ञानबानं पदर डोक्यावरून खाली घेतला.  या बाईशी बोलायचं नसतं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"बोलू नका," चंद्रभागाबाई म्हणाली. "मीबी बोलायला आले न्हाई. म्हैस मरून राहिली म्हणून सांगते. ती अशी गप बसून धार काढत नव्हती."

न बोलायचं ठरवलेलं असूनही ज्ञानबा बोलला. "ठावं हाय मला. देवाचं नाव घ्यायची ती. कालच्याला मीबी घेतलं."



"नाव घ्यायची," चंद्रभागाबाई म्हणाली. "पण देवाचं न्हाई. माझं."

"म्हंजे?"

"म्हंजे शिव्या द्यायची, भावजी. मला. सकाळ-संध्याकाळ, अकरा वर्षं, म्हैस आटलेली असली तरी. भिंतीकडं तोंड करून, मला बराबर ऐकू येईल अशा आवाजात. तेवढ्यासाठीच तर म्हैस हितं भिंतीला लागून बांधली होती तिनं. अन् तुमी ती तिकडं पूर्वेला नेली."

"न्हाई," ज्ञानबा म्हणाला. "माझी बायको तशी नव्हती."

"कशी होती ते तुमी माळावर बसून सांगताल का मी भिंतीशी उभी राहून? ऐकायचं तर ऐका, न्हाईतर उद्या टेम्पो येऊनच राहिला. संध्याकाळी धारेला बसताना हाक मारा. न्हाई मारली तरी माझं काही अडलं न्हाई." आणि डोकं खाली गेलं.

त्या दिवशी ज्ञानबानं बकऱ्या सोडल्याच नाहीत. त्या वाड्यात ओरडत राहिल्या आणि तो घरात नर्मदाबाईच्या फोटोसमोर बसून राहिला. चंद्रभागाबाईवर विश्वास कसा ठेवायचा? ती दुष्मन. कदाचित तिला मजा बघायची असेल. ज्ञानबानं भर अंगणात शिव्या द्याव्यात आणि गावानं म्हणावं, म्हातारा वाया गेला. दुसरीकडे, व्यंकटरावांनी म्हशी मोबाईलवर पाहिल्या होत्या. गुरुजींना म्हशीतलं काही कळत नव्हतं, त्यांना नर्मदाबाईतलं कळतं असं वाटत होतं आणि ते त्यांना ज्ञानबानंच सांगितलं होतं. स्वतः ज्ञानबा तर धारेच्या वेळी एकदाही गोठ्यात नव्हता. गजरीला आणि नर्मदाबाईला रोज दोन वेळा कुणी पाहिलं असेल, ऐकलं असेल, तर ते फक्त त्या एका बाईनं. नावडत्या माणसावर जेवढी नीट नजर राहते तेवढी आवडत्यावर राहत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं आणि जरा वाईटही वाटलं.

"तुला विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस," तो फोटोला म्हणाला. "म्हणून विचारत न्हाई." आणि तो गव्हाण परत भिंतीला लावायला उठला.

दिवस मावळायच्या आत गजरी जुन्या जागी उभी राहिली. ज्ञानबा चरवी घेऊन बसला आणि भिंतीकडे बघून खाकरला.

"वहिनी."

"आले, आले." ती भिंतीशीच उभी होती. "आधी वगार सोडा. दोन घोट पिऊ द्या. आता तिला बाजूला घ्या. हाताला तेल लावा. लावलं? आता म्हणा, चंद्रे."

ज्ञानबानं सरळच असलेली चरवी पुन्हा सरळ केली.

"काय झालं?"

"तुमी मोठ्या हायेत. तुमाला कसं..."

"म्हशीसाठी म्हणून राहिले तुमी, माझ्यासाठी न्हाई. म्हणा."

ज्ञानबानं डोळे मिटले. "चंद्रभागाबाई," तो हळू म्हणाला, "तुमच्या चुलीला..."

गजरीनं पाय उचलला.

"अहो, काय जाहीर सभा हाय का? ती मला अहोजाहो करायची व्हय? अन् एवढ्या हळू! हितं मलाच ऐकू येईना तर म्हशीला काय? बघा, असं." आणि चंद्रभागाबाईनं आवाज चढवला. तो नर्मदाबाईचा आवाज नव्हता, पण ठेका तिचा होता.  "चंद्रे! तुझ्या चुलीला धूर सुटो अन् जाळ न लागो! अन् मग चरवी दगडावर आपटायची. खण्ण. प्रत्येक शिवीला एकदा. मला ऐकू यायला आपटायची ती."

ज्ञानबानं भिंतीखालच्या दगडाकडे पाहिलं. दगडाला एका जागी खळगा पडलेला होता. इतकी वर्षं त्याला वाटायचं की तिथं पूर्वी कुणीतरी काही कुटत असेल.

"चंद्रे," तो जोर करून म्हणाला, "तुझ्या चुलीला धूर सुटो अन् जाळ न लागो." खण्ण.

गजरीचे कान मागं वळले.

"चांगलं. आता दुसरी. तुझ्या कोंबड्या दुसऱ्याच्या वाड्यात अंडी घालोत."

"तुझ्या कोंबड्या दुसऱ्याच्या वाड्यात अंडी घालोत!" खण्ण.

"तुझ्या भाकरीला पापुद्रा न येवो."

"ही जरा जास्तच हाय, वहिनी."

"हीच तिची आवडती. म्हणा लवकर, म्हैस ऐकून राहिली."

"तुझ्या भाकरीला जन्मात पापुद्रा न येवो!" खण्ण.

गजरीनं एक लांब श्वास सोडला. मागचे पाय थोडे फाकवले. ज्ञानबाच्या बोटांखाली सड भरल्यासारखा फुगला आणि चरवीच्या तळाशी पहिली धार वाजली. दुसरी वाजली. मग तो आवाज जाड होत गेला.

"आली का?" भिंतीवरून आवाज.

"आली. आली, वहिनी."

"थांबू नका. थांबलं की वर ओढती ती. तुझ्या दह्यावर मांजर बसो. तुझ्या जावयाला तुझं जेवण गोड न लागो. तुझ्या कुरडया..." ती थांबली. "न्हाई. ती कुरडयाची मी न्हाई सांगणार. तेवढी सोडून बाकी सांगते."

ज्ञानबा तिच्यामागून म्हणत गेला. वीस-बावीस शिव्या झाल्या. त्याला त्यांच्यात हळूहळू चव यायला लागली. नर्मदाबाईनं हे सगळं एकटीनं, म्हशीच्या पोटाशी डोकं टेकून रचलं होतं आणि घरात आल्यावर त्याच्यापुढे गरम भाकरी ठेवून म्हटलं होतं, देवाचं नाव घेतलं. त्याला हसू यायला लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा आलं, त्यामुळे कुठून येतंय ते आधी कळेनाच.

कास मऊ पडली तेव्हा चरवी काठोकाठ होती.

"तुमाला सगळं पाठ हाय," तो म्हणाला.

"पाठ न व्हायला काय झालं? सकाळी धा अन् संध्याकाळी धा." चंद्रभागाबाई भिंतीवर हनुवटी टेकवून म्हणाली. "दर दिवाळीला नवी एक घालायची. मी वाट बघायची, यंदा काय काढती. मीबी हितून देत होते तिला, हळू. मला तिच्यासारखं जमत न्हाई." तिनं भिंतीवरचं वाळलेलं पान खाली झटकलं. "आखाडापासून मला कुणी काही बोललं न्हाई, भावजी. पोरगं चांगलं हाय, सून चांगली हाय, सगळे गोड बोलतात. संध्याकाळ झाली की पाय हितं येतात अन् हितं तर सगळं गपगार."

ज्ञानबानं चरवीवर फडकं घातलं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण चांगलं बोलून या बाईला बरं वाटणार नाही हे त्याला आता कळत होतं. "सकाळी येता का?" त्यानं विचारलं. "माझं अजून पाठ न्हाई."

"बघते," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी टेम्पो वेशीतून आत आला तेव्हा राजनंदिनीनं बापाचा आवाज लांबूनच ओळखला. शिवहारला तिनं थांबायला सांगितलं आणि धावत अंगणात आली. बाप म्हशीखाली बसून भिंतीकडे तोंड करून ओरडत होता.

"चंद्रे! तुझ्या पापडाला बुरा येवो!" खण्ण.

"बुरा न्हाई, बुरशी," भिंतीवरून चंद्रभागाबाई म्हणाली.

राजनंदिनी मागून आलेल्या शिवहारकडे वळली. "अगं माय," ती म्हणाली, "बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. अन् त्या काकू बघा, त्यांच्याही."

शिवहार पहिल्यांदाच सासऱ्याच्या घरात कुणी विचारायच्या आधी बोलला. "पण चरवी भरून राहिली की."

ज्ञानबानं हात न थांबवता तिला सगळं सांगितलं. मधे मधे शिव्या द्याव्या लागत होत्या, त्यामुळे वेळ लागला. राजनंदिनी आधी चिडली, मग आईबद्दल असं कुणी बोलावं म्हणून रडली, मग तिला आठवलं की लहानपणी तिलाही धारेच्या वेळी गोठ्यात येऊ देत नव्हते. ती भिंतीकडे बघायला लागली.

"खरं हाय का काकू? आई देवाचं नाव घेत नव्हती?"

"शेवटी एकदा घ्यायची," चंद्रभागाबाई म्हणाली. "म्हणायची, देवा, ह्या बाईला उचल. पण तसं काही तिच्या मनात न्हवतं. मला पडसं झालं की दोन दिवस हळू द्यायची."

राजनंदिनीनं डोळे पुसले. पण ती नर्मदाबाईची पोरगी होती. ठरवलेलं सोडायला तिला वेळ लागायचा. "बाबा, आज धार दिली. उद्या न्हाई दिली तर? तुमी आजारी पडलात तर? एकटे कसे राहताल? मी सांगते ते ऐका, माझ्याकडं चला."

एरवी ज्ञानबा मान डोलवून म्हणाला असता, व्हय, बराबर हाय. तोंडावर ते शब्द आलेही. त्यानं पोरीकडे पाहिलं. तिचं म्हणणं मायेचं होतं आणि चुकीचं होतं, आणि दोन्ही एका वेळी असू शकतं हे सांगायला आत चुलीपाशी कुणी नव्हतं. ते त्यालाच ओळखावं लागलं.

"न्हाई," तो म्हणाला. "मी हितंच राहतो. टेम्पो परत न्या. दूध घेऊन जा."

राजनंदिनीनं शिवहारकडे पाहिलं. शिवहारनं टेम्पोवाल्याकडे पाहिलं. टेम्पोवाला म्हणाला, आलोच हाय तर चहा तरी ठेवा. राजनंदिनी चुलीपाशी गेली, तेव्हा भिंतीवरून चंद्रभागाबाईनं साखर किती घालायची ते तिला सांगितलं आणि तिनं त्याच्या निम्मीच घातली.

ज्ञानबा अजून बसला होता. एक सड राहिला होता आणि त्याला येत होत्या तेवढ्या शिव्या संपल्या होत्या. भिंतीवरून कुणी सांगेल म्हणून तो थांबला. चंद्रभागाबाई मुद्दाम गप्प राहिली. गजरीनं कान टवकारले.

"चंद्रे," ज्ञानबा म्हणाला आणि विचार करायला लागला. "तुला... तुला माझ्यासारखा शेजारी मिळो!" खण्ण.

धार आली.

"ही तिची न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाली.

"माझी हाय."

तिनं ती शिवी एकदा स्वतःशी म्हणून पाहिली. "वाईट न्हाई," ती म्हणाली. "पण मनापासून द्या, भावजी. ती मनापासून द्यायची."